मुठीमागचे किलो

7 नोव्हेंबर 2009 रोजी जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये हेवीवेट जगज्जेतेपदाची एक विचित्र लढत झाली. एका बाजूला रशियाचा निकोलाय वालुयेव: सात फूट उंच, वजन सुमारे 143 किलो. समोर इंग्लंडचा डेव्हिड हेय: सहा फूट तीन इंच, जेमतेम 98 किलो. फरक 45 किलोंचा! पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमधला सर्वांत हलका गट 47.6 किलोंवर संपतो. म्हणजे वालुयेवकडे जवळजवळ एक अख्खा बॉक्सर जास्तीचा होता. आपल्याकडे जत्रेच्या फडात नुसत्या नजरेनं कुस्तीच्या जोडी लावणाऱ्यांनी ही जोड हसून मोडली असती. बॉक्सिंगचा नियम मात्र मोडला नव्हता, कारण हेवीवेट गट तेव्हा 90.7 किलोंच्या वर सुरू व्हायचा आणि त्याला वरची मर्यादाच नाही.

हेय बारा राउंडनंतर गुणांवर जिंकला. शेवटच्या राउंडमध्ये तर त्याच्या ठोशानं वालुयेवचे पाय लटपटले.

मग वजनगट हवेत तरी कशाला? खालच्या टोकाला तर रेघा दीड-दीड किलोवर मारलेल्या आहेत: 47.6, 49, 50.8, 52.2. हा काटेकोरपणा समजायचा तर आधी ठोसा समजून घ्यायला हवा.

ठोसा मुठीचा वाटतो, पण निघतो टाचेतून. टाच, मांडी, कंबर, खांदा अशी साखळी फिरते आणि मूठ हे तिचं शेवटचं टोक. आदळण्याच्या क्षणी या साखळीतलं जेवढं वजन मुठीच्या पाठीशी असतं, त्याला प्रभावी वस्तुमान म्हणतात. अमेरिकेत ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरांचे ठोसे मोजले गेले. तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला साधारण नऊ मीटर, प्रभावी वस्तुमान साधारण तीन किलो आणि बल 3,400 न्यूटनच्या आसपास. वजनदार गटातल्यांचे ठोसे जास्त जोराचे निघाले, पण त्याचं मुख्य कारण वेग नव्हता. मुठीमागचं वस्तुमान जास्त होतं. इंग्लंडच्या फ्रँक ब्रुनो या हेवीवेटचा ठोसा 1985 मध्ये असाच मोजला होता. मुठीचा वेग तोच, नऊ मीटरच्या जवळपास, पण बल 4,000 न्यूटनच्या वर.

हा ठोसा झेलायचा कोणी? डोक्यानं. इथे निसर्गानं थोडी गंमत केली आहे. पन्नास किलोंचा माणूस आणि शंभर किलोंचा माणूस यांच्या खांद्यांत, मांड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो; डोक्यात फारसा नसतो. दोघांचंही डोकं साडेचार-पाच किलोंचं, आत मेंदू सव्वा ते दीड किलोचा. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि मऊ मेंदूची वळताना ओढाताण होते. शुद्ध हरपते ती त्यामुळे. जाड मान हा झटका थोडा शोषते, एवढाच वजनदार माणसाचा फायदा. थोडक्यात, मारणारं यंत्र वजनाबरोबर वाढत जातं, सोसणारं जवळपास आहे तेवढंच राहतं. माझ्या मते वजनगटांचं खरं समर्थन हे आहे; बरोबरीची लढत वगैरे नंतर.

किलोंपेक्षा टक्केवारी बघावी. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी सर्वांत हलका गट 51 किलोंचा होता. 48 किलोंपर्यंतच्या गटांत जगज्जेती ठरलेली मेरी कोम त्यात लढली आणि उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सकडून 11-6 अशी हरली. वरचे तीन किलो म्हणजे 48 किलोंच्या सहा टक्के. वालुयेवच्या हिशेबात सहा टक्के म्हणजे साडेआठ किलो!

वरच्या टोकाला मात्र गणित मऊ पडतं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या छेदावर ठरते, वजन घनफळावर. शरीर मोठं होत जातं तशी ताकद वाढते, पण वजन तिच्याही पुढे धावतं. वेटलिफ्टिंगमध्ये हे स्वच्छ दिसतं. 61 किलो गटात चीनच्या ली फाबिननं 2019 मध्ये स्नॅच आणि क्लीन-अँड-जर्क या दोन्ही प्रकारांत मिळून 318 किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या पाचपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं 2021 मध्ये 492 किलोंचा विक्रम केला, पण त्याचं स्वतःचं वजन 180 च्या घरात. तिपटीलाही तो पोचत नाही. शिवाय हे ओझं बारा राउंड पायांवर नाचवायचं असतं. आणि शंभर किलोंच्या कसलेल्या माणसाचा ठोसा कोणालाही आडवा करायला पुरतो. बेशुद्ध माणसाला आणखी बेशुद्ध करता येत नाही.

तरी जास्तीचं वजन फुकट जात नाही. त्याचा उपयोग मुठीपेक्षा मिठीत होतो: बिलगायचं, मानेवर रेलायचं, समोरच्याला आपलं ओझं वाहायला लावायचं. 1934 मध्ये मायामीत इटलीच्या प्रिमो कार्नेरानं 39 किलोंनी हलक्या टॉमी लॉफ्रनला पंधरा राउंडांत गुणांवर हरवलं. डिसेंबर 2024 मध्ये इंग्लंडचा हेवीवेट टायसन फ्युरी युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकपेक्षा सुमारे 25 किलो जड होऊन उतरला. पण दर वेळी हे चालत नाही: तिन्ही पंचांनी 116-112 असा कौल उसिकच्या बाजूनं दिला.

जिथे मर्यादा आहे, तिथे ती वजनकाट्यावरच असते, रिंगमध्ये नाही. व्यावसायिक लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं. बॉक्सर घाम गाळून, पाणी तोडून काट्यावर चढतो आणि उतरल्यावर पिऊन-खाऊन भरून काढतो. फेब्रुवारी 2000 मध्ये न्यूयॉर्कला आर्तुरो गाटी आणि जोई गमाश दोघंही 64 किलोंच्या मर्यादेवर जुळवले गेले होते. लढतीच्या रात्री पुन्हा वजन केलं तेव्हा गमाश 66 किलोंच्या आसपास होता, गाटी साडेबहात्तरच्या. दुसऱ्या राउंडमध्ये गमाश कोसळला. मेंदूला इजा झाली होती. तो पुन्हा कधी लढला नाही.