गाडीखाली पाणी दिसलं, तर फोन करण्याआधी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमची कॅम्परव्हॅन माउंटन बाइकसह आल्प्समध्ये नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्टेंबर संपत आला की आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "गाडीखालून पाणी गळतंय." वेळ बहुधा रात्रीची, ठिकाण ऑस्ट्रियातलं नाउडर्स, इटलीतलं लिविन्यो किंवा घाटमाथ्यावरचं एखादं पार्किंग. खाली डबकं साचलेलं असतं, नळाला पाणी नसतं, आणि दुसऱ्या दिवशीची राइड सोडून म्युनिकला परत यावं लागणार अशी भीती असते.

यावं लागत नाही. गाडी बिघडलेली नसते, उलट तिने स्वतःला वाचवलेलं असतं. ते कसं, आणि पुढे काय करायचं, हे खाली दिलं आहे. गाडी ताब्यात देताना आम्ही हे सगळं दाखवतो, पण त्या वेळी अर्धं लक्ष सायकली चढवण्यात असतं.

पाणी का सोडलं जातं

आमच्या सगळ्या गाड्यांत ट्रुमा कॉम्बी ४ हा गॅसवरचा हीटर आहे. आतली हवाही तोच तापवतो आणि पाणीही. पाण्याचा भाग म्हणजे आपल्या घरचा गीझरच, फक्त दहा लिटरचा. त्याच्या शेजारी फ्रॉस्टकंट्रोल नावाचा छोटा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या आसपासचं तापमान साधारण ३ अंशांखाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलर गाडीखाली रिकामा करतो. याला वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरी संपली असली तरी तो आपलं काम करतो. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बॉयलर तडकतो. गोठून तडकलेल्या बॉयलरला उत्पादकाची वॉरंटी लागू होत नाही.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात राहत नाहीत. पहिली, हा व्हॉल्व्ह उघडतो आपोआप, पण बंद हाताने करावा लागतो, आणि तोही जवळची हवा साधारण ७ अंशांवर गेल्यावरच. त्याआधी व्हॉल्व्हवरचं बटण कितीही दाबलं तरी ते वर उडी मारतं. दुसरी, व्हॉल्व्ह उघडा आणि पंप चालू असेल, तर पंप टाकीतलं पाणीही त्याच वाटेने बाहेर फेकत राहतो. दहा लिटरचं डबकं शंभर लिटरचं होतं ते असं. म्हणून गाडीपासून लांब जाताना आणि रात्री झोपताना पंपाचा खटका बंद करा. एवढं केलंत तर बाकीचं पत्रक नाही वाचलं तरी पाण्याची टाकी शाबूत राहील.

कपड्यांचा चिमटा लावू नका

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. बटण दाबलेलं राहत नाही म्हणून त्यावर कपड्यांचा चिमटा लावायचा किंवा केबल टायने ते आवळायचं, असा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो. तात्पुरतं काम होतंही. पण मग पहाटे सिलिंडर संपतो, हीटर थांबतो, व्हॉल्व्हला उघडायचं असतं आणि चिमटा त्याला उघडू देत नाही. सकाळी चहासाठी नळ सोडला की बेडखालून पाणी वाहू लागतं. मग बॉयलर बदला, भिजलेलं लाकूड वाळवा, आणि पुढच्या आठवड्यात ज्यांनी गाडी ठरवली आहे त्यांना नाही म्हणा. गाडी परत आल्यावर आम्ही बेडखालचं झाकण उघडून बटण बघतो, ते याचसाठी. चिमट्याची खूण असेल आणि बॉयलर तडकलेला असेल, तर खर्च अनामत रकमेतून जातो. करारातलं हे कलम काहींना जाचक वाटतं, पण ते काढायचा आमचा विचार नाही.

"आत तर छान ऊब होती, मग उघडला कसा?"

हा पुढचा ठरलेला प्रश्न. व्हॉल्व्ह आडव्या बेडखाली, मागच्या दारांपासून हातभर अंतरावर आहे. राइडवरून आल्यावर काय होतं ते पाहा. बाहेर चार अंश, सायकली चिखलाने माखलेल्या. मागची दोन्ही दारं उघडी टाकून कोणी बाहेरच्या शॉवरने चेन धुतोय, कोणी चाकं काढतोय, ओल्या सायकली व्हॉल्व्हच्या झाकणाला टेकवून ठेवल्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की पाच वाजताच अंधारतं आणि थंडी झपाट्याने उतरते. अर्ध्या तासात मागचा भाग ३ अंशांवर येतो. पुढे ड्रायव्हरच्या सीटपाशी वीस अंश असले तरी व्हॉल्व्हला त्याचं काही नाही.

यावर उपाय साधा आहे. सायकली दार लावून बाहेर धुवा. शॉवरची जोडणी बाहेरच्या झडपेतच आहे, त्यासाठी दार उघडं लागत नाही. चिखल ओला असताना ब्रशने काढला तर पाणीही निम्मं लागतं. सायकल आत घेताना व्हॉल्व्हच्या झाकणासमोर वीतभर जागा मोकळी सोडा, गरम हवेची नळी तिथूनच जाते.

दुसरं कारण, दिवसा राइडला जाताना हीटर पूर्ण बंद करणं. गॅस वाचवायचा म्हणून लोक हे करतात. सावलीतल्या पार्किंगमध्ये पत्र्याची गाडी थंड व्हायला फार वेळ लागत नाही. पॅनेलवर तापमान १० अंशांवर ठेवून जा. त्याला लागणारा गॅस फारसा नाही, आणि परत आल्यावर गाडी लवकर तापते.

तिसरं कारण ई-बाइकचं आहे, ते विजेच्या भागात येईल.

व्हॉल्व्ह उघडला असेल तर

आधी पंप बंद करा. मग हीटर फक्त हवा तापवण्यावर लावा. बॉयलर रिकामा असताना हवा तापवलेली चालते. बेडखालचं झाकण उघडा म्हणजे ऊब आत जाईल. साधारण अर्धा तास लागतो, फार गारठा असेल तर जास्त. घाई असेल तर गरम पाण्याची पिशवी व्हॉल्व्हला टेकवून ठेवा. उघड्या ज्योतीचं काहीही जवळ नेऊ नका.

आता व्हॉल्व्हवरची फिरकी पाण्याच्या नळीला समांतर आहे ना ते पाहा. आडवी असेल तर सरळ करा, ती जागेवर बसते. मग बटण आत दाबा. "टक" होऊन ते आत राहिलं पाहिजे. राहत नसेल तर अजून थंड आहे, थांबा. बटण बसल्यावर पंप चालू करा, गरम पाण्याचा नळ सोडा आणि फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत चालू ठेवा. दहा लिटर भरले. त्यानंतरच पाणी तापवायला लावा. भांड्यांना ४० अंश पुरतात, अंघोळीला ६०.

इतकं करून बटण बसलं नाही, तर रात्री कितीही वाजता फोन करा. आम्ही उचलतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

गॅस

ऑक्टोबरपासून आम्ही ११ किलोचे दोन भरलेले प्रोपेन सिलिंडर देतो. उन्हाळ्यात एकच असतो. हीटर पूर्ण जोरात तासाला ३२० ग्रॅम जाळतो, म्हणजे सलग चालला तर एक सिलिंडर साधारण ३४ तास. प्रत्यक्षात तो थांबत-थांबत चालतो. सौम्य हवेत एक सिलिंडर आठवडाभर पुरतो, रात्री शून्याखाली जात असतील तर तीन-चार दिवस. दिवाळीत भारतातून आई-बाबा आले असतील आणि गाडीत कायम २४ अंश हवे असतील, तर त्याहून कमी धरा.

प्रोपेनच का? ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. सिलिंडर भरलेला असतो पण हीटरला काही मिळत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं. जर्मन सिलिंडर इटलीत बदलून मिळत नाही आणि तिथल्या सिलिंडरचं तोंडही वेगळं असतं. त्यासाठी लागणारा अडॅप्टर संच भाड्याने मिळतो. दहा दिवसांहून मोठ्या सहलीला तो न्याच.

एक संपला की रेग्युलेटर आपोआप दुसऱ्यावर जातो. रिकामा हाताने बदलताना दोन गोष्टी हमखास चुकतात. नट उलट्या आट्याचा आहे, घट्ट करायला डावीकडे फिरवा. आणि नळीवरचं हिरवं बटण सिलिंडर उघडल्यानंतर दाबायचं असतं. ते राहिलं तर गॅस अडतो, हीटर एरर दाखवतो, आणि पुन्हा आम्हाला फोन.

रेग्युलेटरमध्ये अपघात-सेन्सर असल्याने चालत्या गाडीतही हीटर सुरू ठेवता येतो. फेरीबोटीवर आणि पेट्रोलपंपावर मात्र बंद.

वीज: ई-बाइकची बॅटरी आणि रात्रीची थंडी

गाडीत १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. ६२५ वॅट-तासांची एक ई-बाइक बॅटरी इन्व्हर्टरवर पूर्ण चार्ज केली की वाया जाणारी ऊर्जा धरून जवळजवळ ६० अँपिअर-तास जातात. दोन लावल्या तर गणित बसतच नाही. मध्यरात्री बॅटरी संपते, हीटरचा पंखा थांबतो, गाडी गार होते आणि व्हॉल्व्ह पाणी सोडतो. सकाळी "गळती"चा फोन येतो आणि कारण मात्र आदल्या संध्याकाळच्या चार्जरमध्ये असतं.

म्हणून ई-बाइक शक्यतो गाडी चालवताना चार्ज करा. दोन तासांच्या प्रवासात साधारण अर्धी बॅटरी भरते. नाहीतर कॅम्पसाइटच्या जोडणीवर. सौर पॅनेलवर या दिवसांत भिस्त ठेवू नका, दरीत ऊनच कमी वेळ येतं. बॅटरी बाहेरून गारठून आली असेल तर आत घेऊन तासभर थांबा, शून्याखाली चार्जिंग तिला मारक आहे. इटलीतल्या बऱ्याच कॅम्पसाइटवर ६ अँपिअरच मिळतात, म्हणजे सुमारे १३८० वॅट. दोन ई-बाइक चार्जर आरामात चालतात, पण सोबत आणलेला २००० वॅटचा फॅन हीटर लावला की फ्यूज उडालाच.

सायकली आणि वजन

दारावरच्या रॅकची मर्यादा ३५ किलो. दोन साध्या माउंटन बाइक बसतात. दोन ई-बाइक पन्नास किलोच्या आसपास जातात, बॅटऱ्या काढल्या तरी चाळिशीच्या वर, आणि दाराच्या बिजागऱ्या हे वजन प्रत्येक खड्ड्यात सोसतात. ई-बाइक असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, टो-बारवरचा (गाडीमागच्या ओढणीच्या हुकावरचा) रॅक लावून देतो. चार ई-बाइक मात्र आम्ही कोणत्याच रॅकवर देत नाही. चौघं, सामान, दोन सिलिंडर आणि भरलेली टाकी मिळून गाडीच्या एकूण वजनाची ३५०० किलोची मर्यादा ओलांडते, आणि दंड चालकाच्या नावावर येतो. टाकी अर्धी भरून गाडी देतो ती याच हिशेबाने. वर जाऊन भरा, पाणी सगळीकडे मिळतं.

इटलीत मागे रॅक असेल तर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची पाटी लागते. ती रॅकलाच बांधलेली असते, काढून आत ठेवू नका.

मुक्काम खाली, राइड वर

शंभर मीटर चढलं की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची रेशेन खिंड सुमारे १५०० मीटरवर, तिच्या पलीकडे इटलीच्या फिन्शगाउ खोऱ्यातलं लाच ६४० मीटरवर. म्हणजे पाच-सहा अंशांचा फरक, आणि तेवढ्यानेच व्हॉल्व्ह उघडायचा की नाही ते ठरतं. फिन्शगाउ ही आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या खोऱ्यांपैकी एक. नाउडर्सला चिखल असताना तिथल्या सोनेनबर्ग उताराच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या ट्रेल बऱ्याचदा कोरड्या असतात. म्हणून ऑक्टोबरअखेरच्या सहलीला आम्ही लाच, मग गार्डा सरोवराकाठचं रीवा, आणि वेळ असेल तर समुद्राकाठचं फिनाले लिगुरे सुचवतो. लिविन्योला, १८१६ मीटरवर, सप्टेंबरातही दव गोठतं. तिथे करमाफीमुळे डिझेल स्वस्त आहे, टाकी भरून घ्या, पण मुक्काम करणार असाल तर वरचं सगळं लक्षात ठेवून. डोंगरावर नेणाऱ्या बऱ्याच लिफ्ट ऑक्टोबरमध्ये बंद होतात, निघण्याआधी तारखा पाहा. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात कॅम्पसाइटबाहेर कॅम्पिंगला मनाई आहे, आणि ऑस्ट्रियात जंगलातल्या रस्त्यावर सायकलला परवानगीची पाटी असेल तरच उतरा.

टायरची काळजी नको. ऑक्टोबरपासून आमच्या गाड्यांना डोंगर-हिमकणाच्या चिन्हाचे हिवाळी टायर असतात. ऑस्ट्रियाचा १ नोव्हेंबरचा आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलचा १५ नोव्हेंबरचा नियम त्यात भागतो. वेगळे पैसे नाहीत.

परत करताना

पंप बंद करून व्हॉल्व्हची फिरकी आडवी करा, बॉयलर रिकामा होऊ द्या. सांडपाण्याची टाकी कॅम्पसाइटवरच रिकामी करून या. ती गाडीखाली उघडी असल्याने गोठते आणि मग आम्हालाही ती उपसता येत नाही. सायकली धुवायच्या राहिल्या असतील तर आमच्या आवारात मागच्या बाजूला नळ आणि ब्रश आहेत, खुशाल वापरा.