कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा गाळ आणि फुगलेले आकडे : पार्श्वभूमी

५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन तेलक्षेत्रात श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी विहिरीत उपकरण सोडून थरांचा विद्युतरोध मोजला. वेल लॉगिंगची सुरुवात ती. कोअर, म्हणजे जमिनीखालचा दंडगोल नमुना, वर काढणं खर्चिक होतं, त्यामुळे तेल कंपन्यांनी हे तंत्र लगेच उचललं. १९४२ मध्ये अमेरिकी अभियंते गस आर्ची यांनी रोधावरून खडकाच्या छिद्रांतलं पाणी किती हे काढायचं समीकरण मांडलं. ते होतं वालुकाश्मासाठी. मऊ चिकणमातीला ते लावलं की काय होतं, ते पुढे दिसलं.

खोल समुद्रात १९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' जहाज कोअर काढू लागलं. गाळ मऊ, त्यामुळे नमुना अनेकदा अर्धामुर्धाच हाती येई. १९८५ पासून 'जॉयडीस रेझोल्यूशन'वर लॉगिंग नेहमीचं झालं आणि हरवलेल्या थरांची जागा आलेखांवरून भरता येऊ लागली. तरी कोअरची खोली आणि लॉगची खोली क्वचितच जुळते. मग नमुन्यावर आणि विवरात, दोन्हीकडे गॅमा किरण मोजायचे आणि चढउतारांवरून ताळमेळ बसवायचा. काम कंटाळवाणं, पण ते चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

भारताच्या संदर्भात याची खरी कसोटी लागली २००६ मध्ये. हेच जहाज एप्रिलच्या अखेरीस मुंबईहून गॅस हायड्रेटच्या शोधात निघालं. मिथेन आणि पाण्याचा हा बर्फासारखा पदार्थ दाब कमी होताच विरघळून वायू होतो, म्हणून साधा कोअर इथे अपुरा. विरघळताना उष्णता शोषली जाते. जहाजावर येताच कोअरवरचे थंड पट्टे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपले जात. शिवाय समुद्रतळाचा दाब कायम ठेवून वर आणलेले प्रेशर कोअरही होते.

बंगालच्या उपसागरातल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात दहा क्रमांकाच्या ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त चिकणमातीचा थर लागला. रोधाच्या लॉगवर आर्चीचं समीकरण चालवून पाण्याखेरीज उरलेली जागा हायड्रेटची धरली, तर छिद्रांतली निम्म्याहून जास्त जागा हायड्रेटने भरलेली निघत होती. प्रेशर कोअर सांगत होते जेमतेम पाव. उलगडा झाला तो हायड्रेटच्या मांडणीतून : ते छिद्रांत सारखं पसरलेलं नव्हतं, जवळपास उभ्या भेगांत साचलं होतं. उपकरणाचा आडवा प्रवाह या भेगांवर अडायचा आणि रोध फुगायचा. भेगांचा हिशेब धरल्यावर दोन्ही आकडे जवळ आले.

२०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत जपानचं 'चिक्यू' जहाज आलं. या वेळी आधी २५ ठिकाणी खोदतानाच लॉग घेतले आणि कोअर कुठे काढायचे ते त्यांवरून ठरवलं.