डळमळणे

डळमळणे (क्रियापद, नाम डळमळ, विशेषण डळमळीत) : उभ्या वस्तूचे बूड सुटून ती जागच्या जागी हलू लागणे. डळमळणारी वस्तू अजून पडलेली नसते, पण तिच्यावर भार टाकायला कोणी धजावत नाही.

अस्थिर हालचालीसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही आणि प्रत्येकाचे क्षेत्र बरेचसे ठरलेले आहे. ओबडधोबड फरशीवरचा पाट डुगडुगतो, कळशीतले पाणी हिंदकळते, भ्यालेल्याचे पाय लटपटतात, दारुड्याची झोकांडी जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली हेलकावे खाते. शाळूचे कणीस वाऱ्यावर डोलते. त्या डोलण्यात मात्र कसलीच भीती नाही. डगमगणे हा डळमळण्याचा सर्वांत जवळचा शब्द. पण डग म्हणजे पाऊल, त्यामुळे तो मुळात चालणाऱ्याचा. डळमळण्याचा दोष पायात नसून पायाखाली असतो. मराठवाड्याच्या बोलीत ‘डळमळत आहे’ याऐवजी ‘खांब डळमळायलाय’, ‘मेढ डळमळायली’ असे म्हणतात.

खळ्याच्या मधोमध रोवलेली मेढ हे याचे अचूक उदाहरण. तिला दावणीने जोडलेले बैल कणसे तुडवत फिरतात आणि त्यांची ओढ सतत एका अंगाने बसत राहते. बुडाशी माती नीट ठोकलेली नसेल तर खड्डा हळूहळू रुंदावतो आणि मेढ डळमळू लागते. मग भोवती दगडाच्या चिपा ठोकून ती घट्ट करावी लागते. मळणीयंत्रे आल्यापासून हे दृश्य दुर्मीळ झाले आहे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने डोलणे आणि डळमळणे वेगळ्या वाटांनी आले. संस्कृत दोला (झोका) या शब्दाचे प्राकृतात डोला झाले. आरंभीच्या ‘द’चा असा ‘ड’ होतो हे बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात नोंदले आहे. त्यातूनच डोलणे, डुलणे, डुलकी हे शब्द आले, तर दोलायमान हा शब्द थेट संस्कृतातून उचलला गेला. डळमळ ही मात्र अनुकरणवाचक जोडी आहे. पहिल्या अवयवाचा आरंभ बदलून तिथे ‘म’ आणायचा, ही मराठीची आवडती घडण : झगमग, टकमक, डगमग, तळमळ, कळमळ. झगमग उजेडाची, टकमक डोळ्यांची, तळमळ जिवाची, कळमळ पोटाची; या साऱ्यांत काहीतरी स्थिर राहत नाही, हा धागा समान आहे. संस्कृतात ‘ड’ने सुरू होणारे शब्द मोजकेच असल्यामुळे अशा शब्दांचे मूळ लोकबोलीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

शब्दाचा सर्वांत परिचित जुना वापर समर्थ रामदासांच्या मारुतीच्या आरतीत आढळतो : ‘करि डळमळ भूमंडळ सिंधुजळ गगनीं’. रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. भूमंडळाला बूड आहे असे मानता येते, पण सिंधुजळाला आणि गगनाला ते कुठले? कवीने शब्दाची मर्यादा मुद्दाम ओलांडली आहे, आणि ‘ळ’च्या माऱ्यामुळे उड्डाणाचा हादरा कानालाही जाणवतो. शंकराच्या आरतीत याच कवीने ‘लवथवती’ हा शब्द योजला. डळमळीच्या मानाने त्याची हालचाल पुष्कळ नाजूक आहे.

मराठवाड्यातील बराच भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यात उभे केलेले खांब कलतात. म्हणून घर बांधताना मुरूम लागेपर्यंत पाया खोदण्याची रीत आहे. शेताला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात, त्यामागेही मातीचाच फरक आहे. त्या पांढऱ्या मातीच्या जाड थराने माळवद, म्हणजे घराचे सपाट छत, झाकले जाई.

दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास ही समजूत मोडली. किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींना तो हादरा पेलला नाही. भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तेथील जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही काळाची विभागणी ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी येते.

लाक्षणिक अर्थाने सरकार, सत्ता, आत्मविश्वास, श्रद्धा, घरची आर्थिक स्थिती हे सारे डळमळते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामाचे सिंहासन डळमळले, असे लिहिण्याचा प्रघात आहे. खरे तर ते त्याआधीच डळमळीत झाले होते, आणि १७ सप्टेंबरला ते कोसळले. मनाच्या बाबतीतही निवड काळजीने करावी. दोन पर्यायांमध्ये अडकलेले मन दोलायमान असते. ज्या आधारावर ते उभे होते तोच सुटला, तर ते डळमळीत होते.