खुबा बदलल्यानंतरचे ३५ दिवस: इंजेक्शन की ॲस्पिरिन?

१९१६ साली रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सापडलं. १९७५ मध्ये ऑपरेशन झालेल्या चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून औषधाविना १६ जण दगावले, हेपॅरिन घेणाऱ्यांत २. पुढे त्याच जातीचं, दिवसातून एकदा पोटावर टोचायचं एनॉक्सापॅरिन आलं. कोर्स मात्र बहुधा सुट्टी होईपर्यंतच चालायचा. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा खुबा बदललेल्यांत गाठ लक्षात येण्याचा मधला दिवस सतरावा निघाला. म्हणजे रुग्ण घरी पोचल्यावर. खुब्यासाठी ३५ दिवस आणि पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर चार आठवडे, हे हिशेब पुढे रुळले.

खरी ओढाताण ॲस्पिरिनवरून झाली. २००८ च्या एका वजनदार मार्गदर्शिकेने नुसतं ॲस्पिरिन नको म्हटलं. हाडांचे सर्जन बिथरले. त्यांचं म्हणणं, चाचण्यांमध्ये मोजल्या त्या बहुतेक गाठी रंगद्रव्य सोडून काढलेल्या फोटोतच दिसणाऱ्या. रुग्णाला त्यांचा पत्ताही नसतो. आम्हाला निस्तरावी लागते ती या औषधांनी वाहणारी जखम. तक्रारीत तथ्य होतं. २०१२ च्या आवृत्तीत ॲस्पिरिन यादीत आलं. २०१८ मध्ये, आधी पाच दिवस रिव्हारोक्साबॅन ही रक्त गोठू न देणारी गोळी देऊन पुढे ॲस्पिरिन दिलं तरी चालतं, असं दिसलं. वाद मिटला असं वाटत असतानाच २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातून आकडे आले: पहिल्या दिवसापासून नुसतं ॲस्पिरिन घेणाऱ्यांत त्रास देणाऱ्या गाठी ३.४५ टक्के, एनॉक्सापॅरिनवर १.८२. फरक मुख्यतः पोटरीतल्या, कमी धोक्याच्या मानल्या जाणाऱ्या गाठींचा, म्हणून ॲस्पिरिनवाले अजून मागे हटलेले नाहीत.

नागपुरात या वादाला वेगळी धार आहे. रामदासपेठ-धंतोलीत ऑपरेशन करून रुग्ण गडचिरोली, गोंदियाकडे परततो. तिथे रोज सुई कोण टोचणार? एनॉक्सापॅरिन २५ अंशांच्या आत ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ वर. ॲस्पिरिनची स्वस्त गोळी मोह पाडणारच. पण विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच खुबा बदलावा लागतो, आणि या आजारात गाठीचा धोका मुळातच जास्त. अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर सवयीने ॲस्पिरिन लिहून मोकळं होणं मला पटत नाही.