परकीय मदत

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाला दिलेले अनुदान, सवलतीच्या व्याजाचे कर्ज, धान्य, औषधे किंवा तांत्रिक साहाय्य म्हणजे परकीय मदत. लष्करी साहाय्य आणि खासगी देणग्या विकासमदतीत धरल्या जात नाहीत. ही मदत थेट सरकारकडे किंवा जागतिक बँकेसारख्या संस्थांमार्फत पोहोचते.

करदात्यांचा हा पैसा सार्थकी लागतो का, हा वाद जुना आहे आणि त्यात खर्चाच्या आकाराबद्दलच मोठा गैरसमज असतो. अमेरिकेतील जनमत चाचण्यांत लोक हा खर्च संघीय अंदाजपत्रकाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका समजतात. प्रत्यक्षात तो कित्येक वर्षे १ टक्क्याच्या आसपास राहिला. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश ते दीर्घकाळ पाळू शकले.

मदत कशासाठी दिली, हे पाहिल्याशिवाय तिच्या उपयुक्ततेचा निवाडा करता येत नाही. मलेशियातील पेर्गाऊ धरणासाठी ब्रिटनने २३.४ कोटी पौंड मंजूर केले. हा प्रकल्प आतबट्ट्याचा आहे, असा आक्षेप मदतखात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याने लेखी नोंदवला होता. तरीही मंत्र्यांनी तो रेटला, कारण १९८८ मध्ये मदतीची सांगड शस्त्रविक्रीशी घातली गेली होती. १९९४ मध्ये ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली. पुढे ब्रिटनने आपल्याच कंपन्यांकडून खरेदी करण्याची अट मदतीवरून काढली आणि २००२ च्या कायद्याने गरिबी कमी करणे हे मदतीचे उद्दिष्ट ठरवले. शीतयुद्धात झाईरच्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) मोबुटू राजवटीला मिळालेला पैसाही असाच राजकीय हिशेबाचा होता. तेथील भ्रष्टाचार देणाऱ्यांना ठाऊक होता.

आरोग्याच्या क्षेत्रात चित्र वेगळे दिसते. देवी निर्मूलनाची तीव्र मोहीम १९६७ मध्ये सुरू झाली, तेव्हा या रोगाने वर्षाला सुमारे २० लाख माणसे मरत होती. सोव्हिएत संघाने लस पुरवली, अमेरिकेने पैसा आणि तज्ज्ञ दिले. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला. मोहिमेचा एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर झाला. त्यातला जवळपास दोन तृतीयांश भार रोगग्रस्त देशांनीच उचलला. बाहेरच्या पैशाने त्यांच्या कामाला जोड दिली. इतक्या थोड्या खर्चात इतके जीव वाचवणारी सरकारी कामे फार थोडी आहेत.

मदतीमुळे देशाची आर्थिक वाढ होते का, यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत नाही. पीटर बावर यांनी मदतीच्या मूळ कल्पनेवरच टीका केली. तिजोरी परक्या पैशाने भरली की सरकारला नागरिकांपुढे जाब द्यावा लागत नाही, हा अँगस डीटन यांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रस्ते, प्रशासन आणि थेट अंदाजपत्रकाला दिलेल्या पैशाबाबत तो गांभीर्याने घ्यायलाच हवा. लसीकरणाला मात्र तो तितकासा लागू पडत नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने १९६१ पासूनची आपली मदतसंस्था यूएसएड मोडीत काढून उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे दिले. ब्रिटनने २०२७ पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. अशा कपातीचा फटका सगळीकडे सारखा बसत नाही. धरणाचे काम थांबवून पुन्हा सुरू करता येते. एचआयव्हीची औषधे रुग्णाला रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि आफ्रिकेतील अनेक देशांत २००३ पासून त्यांचा मोठा खर्च अमेरिकी निधीतून होत आला आहे.