ताकद नेमकी कुठे गेली?

“आंगमा ताकद नही,” एवढं सांगितलं की आपल्या खान्देशात पुष्कळदा सलाईनची बाटली लागते. पण कापूस वेचणाऱ्या बाईला जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येईना, वेणी घालायला हात वर जाईना, तर तो निव्वळ अशक्तपणा नसेलही. मायोसायटिस, म्हणजे स्नायूदाह असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. मांड्या आणि दंड-खांदे आधी ढिले पडतात.

उपचार स्टेरॉइडचा, म्हणजे दाह दाबणाऱ्या औषधाचा. पेच पुढे पडतो. काही महिने गोळ्या घेऊनही जोर येत नसेल, तर दाह अजून चालू असेल, स्नायूच्या जागी चरबी भरली असेल, किंवा स्टेरॉइडनेच स्नायू झिजला असेल. पहिल्यात औषध वाढवावं लागतं, तिसऱ्यात कमी करावं लागतं, आणि चरबी झालेल्या भागावर कितीही औषध ओतलं तरी उपयोग नाही. रक्ततपासणी दर वेळी हा निवाडा करू शकत नाही.

साध्या एमआरआयमध्येही सुजेचं पाणी आणि चरबी दोन्ही उजळच दिसू शकतात. ती वेगळी करायची संशोधक थॉमस डिक्सन यांनी 1984 मध्ये मांडलेली युक्ती मला फार आवडते. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) यंत्रात पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा घुमतात; चरबीतली साधारण 220 फेऱ्यांनी मागे पडतात. रिंगणात दोन पोरं धावावीत आणि एक किंचित मंद असावं, तसं. सुमारे 2.3 मिलिसेकंदांनी ती समोरासमोर येतात, 4.6 ला पुन्हा जोडीने. जोडीने असताना टिपलेलं चित्र म्हणजे पाणी अधिक चरबी, समोरासमोरचं म्हणजे पाणी वजा चरबी. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की पाणी उरतं, वजाबाकी निम्मी केली की चरबी. शाळेतली दोन समीकरणं! चुंबकक्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, म्हणून प्रत्यक्षात आणखी चित्रं घेऊन ती चूक काढतात. मग स्नायूच्या ठिपक्याठिपक्यात चरबी किती टक्के, हे कळतं.

चरबी बाजूला काढली की उरलेल्या पाण्याचा टी-टू काळ, म्हणजे यंत्राला मिळणारा सिग्नल विरायला लागणारा वेळ, मोजतात. निरोगी स्नायूत तो साधारण 30 ते 40 मिलिसेकंद असतो. दाहात वाढतो, स्टेरॉइडच्या झिजेत सहसा वाढत नाही.

भगताकडच्या उताऱ्यात महिने घालवू नका. ‘ताकदीच्या’ बिननावाच्या पुड्याही नकोत. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइडच मिसळलेलं सापडतं. आणि एमआरआय म्हणजे सर्वज्ञ नव्हे. दणकून व्यायाम केला तरी टी-टू वाढतो, म्हणून बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणी, लागू शकते. पण हा आजार स्नायूत ठिकठिकाणी विखुरलेला असतो. तुकडा नेमका कुठून काढायचा, ते हेच चित्र दाखवतं.