प्रादेशिक कुशल स्थलांतर योजनांतून स्थायी निवास : ग्रामीण विदर्भातील अर्जदार

एखाद्या देशातील प्रांताने, राज्याने किंवा लहान वस्त्यांनी आपल्याला हव्या त्या कामाची माणसे परदेशातून निवडून घ्यायची आणि त्या निवडीच्या आधारे केंद्र सरकारने त्यांना कायम राहण्याची परवानगी द्यायची, या व्यवस्थेला प्रादेशिक कुशल स्थलांतर योजना म्हणतात. त्या परवानगीला बोलीत सरसकट ‘पीआर’ म्हटले जाते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ही पद्धत चांगली रुळली आहे. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून, तालुक्याच्या गावांतून आणि खेड्यांतूनही, या वाटेने जाऊ पाहणारे तरुण आहेत : परिचारिका, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, अवजड वाहनांचे चालक, संगणक अभियंते. त्यांच्यापैकी अनेकांकडे पात्रता असते. अर्ज अडतो तो कागदांपाशी, म्हणून या नोंदीत योजनांच्या नियमांपेक्षा कागदांना जास्त जागा दिली आहे.

योजनांचे स्वरूप : कॅनडात नव्याने येणारे लोक टोरांटो, व्हँकूव्हर अशा मोठ्या शहरांतच थांबत आणि आतले प्रांत मनुष्यबळाविना राहत. त्यावर उपाय म्हणून १९९८ साली मॅनिटोबा प्रांतातून प्रांतीय नामांकन कार्यक्रम सुरू झाला. आज क्वेबेक आणि नुनावुत वगळता सर्व प्रांतांत व प्रदेशांत तो चालतो. क्वेबेकची स्वतःची वेगळी निवडपद्धत आहे. प्रांत आधी उमेदवाराचे नामांकन करतो, मग उमेदवार केंद्राकडे पीआरचा अर्ज भरतो. २०१५ पासून चालू असलेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या केंद्रीय गुणपद्धतीत नामांकनाचे ६०० गुण मिळतात. ते मिळाले की केंद्राचे बोलावणे जवळजवळ निश्चित होते, आणि बोलावणे आल्यावर संपूर्ण अर्ज ६० दिवसांत भरावा लागतो. एक्स्प्रेस एंट्रीबाहेरची नामांकनेही असतात. त्यांना वेळ अधिक लागतो.

प्रत्येक प्रांताची गरज वेगळी असते आणि वर्षागणिक बदलते. त्या प्रांतात आधी शिकलेल्याला, काम केलेल्याला किंवा जवळचा नातेवाईक असलेल्याला झुकते माप मिळते. केंद्र सरकार जागांची संख्याही कमी-जास्त करते. २०२५ साठी या कार्यक्रमाचे लक्ष्य ५५,००० वर आणले गेले. आदल्या वर्षी ते १,१०,००० होते. अटलांटिक किनाऱ्यावरील चार प्रांतांसाठी वेगळी योजना २०२२ पासून कायम झाली आहे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण समुदाय योजनेत थंडर बे, टिमिन्स, ब्रँडन, मूस जॉ यांसारखी १४ ठिकाणे आहेत, पण तेथे स्थानिक मान्यताप्राप्त मालकाकडून नोकरीचा प्रस्ताव आधी हाती असावा लागतो.

ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून ४९१ क्रमांकाचा प्रादेशिक व्हिसा आहे. तो पाच वर्षांचा असतो आणि मुळात तात्पुरता. राज्याच्या नामांकनाचे १५ गुण मिळतात, किमान गुण ६५ लागतात आणि वय ४५ च्या आत असावे लागते. सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन ही महानगरे सोडून बाकी सारा देश ‘प्रादेशिक’ धरला जातो. त्यात पर्थसारखे मोठे शहरही येते. तेथे तीन वर्षे राहून ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर १९१ क्रमांकाच्या व्हिसातून कायम निवास मिळतो.

दोन्ही देशांतला एक फरक अर्ज करण्याआधीच समजून घ्यावा. ऑस्ट्रेलियात प्रादेशिक भागात राहणे ही व्हिसाचीच अट आहे. कॅनडात पीआर मिळालेल्या माणसाला राज्यघटनेने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, मात्र अर्ज करताना नामांकन देणाऱ्या प्रांतातच वसण्याचा हेतू खरा असावा लागतो. ‘एकदा शिक्का पडू दे, मग टोरांटो गाठू’ असा सल्ला बेधडक दिला जातो. हेतू खोटा ठरला तर अर्ज बाद होतो, आणि ज्या प्रांताने विश्वास टाकला त्याची फसवणूक होते ती वेगळीच.

कागदपत्रे : खेड्यातले बरेचसे जगणे कागदावर उतरलेले नसते. वडिलांच्या नावावरच्या वावरात दहा वर्षे राबलेल्या मुलाकडे अनुभवाचा कोणताही दाखला नसतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये प्रत्येक हंगामात मोटारी दुरुस्त करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मजुरी रोख मिळते; पगारपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र मालकाच्या लेटरहेडवर पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा असलेले पत्र हवे असते. असे पत्र नोकरी चालू असतानाच मागून घ्यावे. मालक बदलला, दवाखाना बंद पडला की ते पुन्हा मिळत नाही. पगार बँकेत जमा करून घेण्याचा आग्रह धरणे हीसुद्धा अर्जाची तयारीच आहे.

अर्जात मागील दहा वर्षांचा हिशेब एकाही महिन्याची फट न ठेवता द्यावा लागतो. आपल्याकडची मुले येथे हमखास जागा कोरी सोडतात, कारण घरच्या शेतीला ती काम समजत नाहीत आणि एमपीएससीच्या तयारीत गेलेली वर्षे सांगायला संकोचतात. दोन्ही जसे घडले तसे लिहावे. शेती करत होतो हे लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. कोऱ्या महिन्यांमुळे मात्र संशय येतो.

नावांची गफलत हा दुसरा मोठा अडसर. शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, पारपत्रात ते वेगळ्या रकान्यात जाते आणि वडिलांचे नाव मुलाच्या नावाला जोडले जाते. इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा त्रास दुप्पट होतो. किरकोळ फरकाला प्रतिज्ञापत्र चालू शकते, मोठ्या बदलाला राजपत्रातील नोंद हवी. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत वेळेवर झाली नसेल आणि वर्ष उलटले असेल, तर ती दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच होते. अर्जात आई-वडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. जुन्या पिढीसाठी तहसिलीतील कोतवाल पंजी किंवा शाळेचा दाखलखारीज पाहावा लागतो. आधारवर अंदाजाने घातलेली १ जानेवारी तशीच उतरवण्याआधी घरच्या इतर कागदांशी ताडून घ्यावी.

लग्न झाले असेल तर त्याची नोंद गावातच ग्रामसेवकाकडे होते, कारण १९९८ च्या राज्य कायद्याखाली खेड्यात तोच विवाह निबंधक असतो. पत्नी किंवा मूल सोबत येणार नसले तरी कॅनडाच्या अर्जात त्यांचा उल्लेख करणे सक्तीचे आहे. आता लपवलेल्या माणसाला पुढे कुटुंब म्हणून बोलावता येत नाही.

पदवीचे मूल्यांकन, म्हणजे आपली पदवी तेथील कोणत्या शिक्षणाच्या तोडीची हे सांगणारा अहवाल, कॅनडासाठी पाच वर्षे ग्राह्य असतो. त्यासाठी विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या गुणपत्रिका थेट मूल्यांकन संस्थेकडे जाव्या लागतात. कोणते विद्यापीठ, येथे घोळ होतो. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला २०११ मध्ये स्थापन झाले, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या त्याआधीच्या पदवीधरांचे कागद नागपूर विद्यापीठात आहेत. पश्चिम विदर्भाचे अमरावतीला. बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांना, कॉलेज अभिमत विद्यापीठाचे नसेल तर, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जावे लागते. शिवाय परिचारिकेचा व्यवसाय परवान्याचा असल्याने पीआर मिळाल्यावरही त्या प्रांताच्या परिचर्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते. पीआर म्हणजे नोकरी असा समज करून घेऊन गेलेल्या मुलींची येथे मोठी निराशा होते.

पोलिसांचा दाखला पारपत्र कार्यालयाकडून मिळतो. त्यासाठी नागपूरलाच जावे लागते असे नाही. २०१७ पासून अनेक डाकघरांत पारपत्र सेवा केंद्रे उघडली आहेत. पडताळणी ठाण्यातूनच होते. आखातात सलग सहा महिने किंवा अधिक काम केलेल्यांना कॅनडासाठी त्या देशाचाही दाखला लागतो. कॅनडासाठी बोटांचे ठसे द्यायला महाराष्ट्रात मुंबई व पुण्यात केंद्रे आहेत, पण बल्लारपूर, राजुरा, सिरोंचा या बाजूच्या लोकांना हैदराबाद जवळ पडते.

इंग्रजी भाषेची परीक्षा, बहुधा आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग, कॅनडासाठी दोनच वर्षे चालते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी तिला घाबरू नये. पण कागद जमायच्या आधी ती देऊन टाकू नये, नाहीतर निकालाची मुदत संपते. कागदांसाठी वर्षे घालवणेही परवडत नाही, कारण एक्स्प्रेस एंट्रीत तिशीपासून वयाचे गुण घटू लागतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात.

पैसा आणि जमीन : कॅनडात नोकरीचा प्रस्ताव हाती नसेल तर बहुतेक वाटांनी जाताना निर्वाहाची ठरलेली रक्कम स्वतःकडे असल्याचे दाखवावे लागते. ही रक्कम उसनी चालत नाही आणि शेतजमिनीची किंमत तिच्यात धरत नाहीत. बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. कास्तकाराचा पैसा तसा येत नाही. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीन विकले की खात्यात भरती, मृगाच्या पेरणीला ओहोटी. अर्जाचा महिना या चक्राशी जुळवावा. वडिलांनी दिलेली रक्कम असेल तर ती परत करायची नाही असे त्यांचे लेखी पत्र आणि पैसा कुठून आला याचा पुरावा जोडावा. सात-बारा किंवा विक्रीखत जोडायचे असेल तर मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर लागते.

यासाठी वावर विकायला निघालेली घरे आहेत, आणि येथे सर्वांत जास्त सावधपणा हवा. नामांकन हाती येण्याआधी जमीन विकू नये. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्यामुळे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे सगळी जमीन विकलेल्या कुटुंबाला पुन्हा घेताना आपण शेतकरी असल्याचे सिद्ध करणे कठीण जाते. परदेशी स्थायिक झालेला मुलगा अनिवासी भारतीय ठरतो. परकीय चलनाच्या नियमांनुसार त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाहक्काने मिळालेली आणि जाण्याआधी घेतलेली जमीन मात्र त्याच्याकडे राहू शकते. पीआरमुळे भारतीय नागरिकत्व जात नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की ते संपते.

दलाल : कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांना, वकील संघटनांचे सदस्य असलेल्या पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि तेथील स्थलांतर सल्लागारांच्या अधिकृत नियामक संस्थेच्या परवानाधारकांनाच आहे. परवानाधारकाचे नाव त्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या भारतीय उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी हवी. ‘नामांकन पक्के’ म्हणून बयाणा मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, कारण प्रांताचे नामांकन कोणालाही विकता येत नाही. बनावट अनुभवपत्र दलालाने जोडले तरी जबाबदारी सही करणाऱ्याची असते, आणि खोटी माहिती सिद्ध झाल्यास कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते.

पीआर मिळाल्यानंतर : कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष राहिल्यास पीआर टिकतो. आई-वडिलांना मूळ अर्जात घेता येत नाही. ‘सुपर व्हिसा’ या आई-वडिलांच्या दीर्घ भेटीसाठीच्या व्हिसावर ते एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, मात्र त्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो आणि मुलाचे उत्पन्न ठरलेल्या पातळीचे असावे लागते.